जेवण न विचारणाऱ्या बाई

बाईंच्या दारावर पुठ्ठ्याची एक पाटी टांगलेली असायची. निळ्या मार्करनं लिहिलेलं होतं, 'इथं कुणी कुणाला जेवण झालं का असं विचारू नये.' बीडमध्ये दोन माणसं भेटली की दुसरं वाक्य हेच असतं. बसस्टँडवर, बँकेच्या रांगेत, मयतीहून परत येतानासुद्धा. त्यामुळं पाटी वाचून माणूस आधी चमकायचा आणि मग आपापला अर्थ लावायचा. खाली मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. तिथला कारागीर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, की बाई लई चिकट हाय, कुणाला चहा पाजायला लागू नये म्हणून पाटी लावलीय.

बाईंच्या दोन खोल्या त्या दुकानाच्या वर होत्या. जिन्यात वॉर्निशचा आणि जळलेल्या तारांचा वास कोंडलेला असे. बाई समुपदेशक होत्या. जी माणसं जेवत नाहीत, किंवा जेवतात पण पोटात ठेवत नाहीत, किंवा चोरून इतकं खातात की मग दिवसभर स्वतःला शिव्या देतात, अशी माणसं त्यांच्याकडं यायची. आपल्याकडं या आजाराला नाव नाही. अन्नावरची वासना गेली म्हणतात, बाहेरचं लागलंय म्हणतात, आणि पोरगी असेल तर नखरे म्हणतात.

मी त्यांच्याकडं पहिल्यांदा गेलो तेव्हा सतरा वर्षांचा होतो आणि सगळ्यांच्या लेखी मुलगी होतो. आज मला दाढी आहे, आधार कार्डावर मी निवडलेलं नाव आहे, कंपनीत मला सगळे भाऊ म्हणतात. तेव्हा यातलं काहीच नव्हतं. तेव्हा मी कडा गावच्या एका मोठ्या घरातली धाकटी लेक होतो. वडील पंचायत समितीवर होते. घरात सकाळपासून माणसांचा राबता. कुणी दाखल्यासाठी आलेलं, कुणी भांडण मिटवायला आलेलं, आणि आलेला माणूस जेवल्याशिवाय जायचा नाही. आई आणि दोन चुलत्या चुलीपासून उठायच्या नाहीत. एवढ्या अन्नाच्या घरात मी वाळत गेलो आणि तीन वर्षं कुणाच्या ते ध्यानात आलं नाही.

ध्यानात न येण्याचं कारण म्हणजे मी उपास करायचो. आधी सोमवार धरला, मग गुरुवार, मग चतुर्थी, एकादशी, शनिवार. कुणी काही बोललं नाही, उलट कौतुकच झालं. वडिलांकडं येणारी मोठमोठी माणसं म्हणायची, पोरगी लई देवभोळी हाय, पाटलांचं नशीब. खरं कारण देवाला तरी माहीत होतं की नाही कोण जाणे. चौदाव्या वर्षी माझं अंग बदलायला लागलं आणि ते बदलणारं अंग माझं नव्हतं. ते थांबवायचा दुसरा कुठला उपाय मला ठाऊक नव्हता. अंग थांबलं तसा मीही थांबत चाललो होतो, पण ते मला चालणार होतं.

एकदा ध्वजवंदनाला मैदानात पडलो. सलाईन झाल्या, अंगारे झाले. शेवटी बीडच्या एका डॉक्टरांनी रक्ताचे कागद बघून वडिलांना सांगितलं, की नुसत्या औषधानं हे व्हायचं नाही, मोटारीच्या दुकानावर एक बाई बसतात, त्यांच्याकडंही जात जा.

बाईंना बघून मला पहिल्यांदा वाटलं, की ह्या चुकून इथं आल्या असाव्यात. पन्नाशीच्या, सुती साडी, आणि साडीखाली पुरुषी खेळाचे बूट. टाचा दुखायच्या म्हणून घालायच्या, पण ते बूट इतके मळलेले असायचे की कुठल्यातरी बांधावरून थेट आल्यासारख्या दिसायच्या. समोर बसलेलं माणूस बारा वर्षांचं असो नाहीतर साठ, त्या 'अहो' म्हणायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी वडिलांना बाहेर बसवलं आणि कोरी फाइल पुढ्यात घेतली. वडिलांनी सांगितलेलं नाव त्यांनी लिहिलं नव्हतं. म्हणाल्या, "हे घरच्यांनी सांगितलं. तुम्हाला काय म्हणू?" मी गप्प बसलो. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि फाइल तशीच कपाटात ठेवली. पुढचे चार महिने माझ्या फाइलवर नाव नव्हतं.

मग त्यांनी डबा काढला. "मला भूक लागलीय, मी जेवते. तुम्ही बसा." आणि खरंच जेवायला लागल्या. मला एका शब्दानं म्हणाल्या नाहीत. आमच्या भागात हे किती वाईट दिसतं, हे दुसऱ्या भागातल्या माणसाला कळायचं नाही. शत्रू आला तरी ताटावर बोलावतात. बाईंचा स्वयंपाक अगदी वाईट असायचा. मेथी करपलेली, भाकरीची एक बाजू कच्ची. पण त्या मन लावून, मचामचा आवाज करत जेवायच्या आणि मधूनच खिडकीबाहेर बघायच्या. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी जेवत होतं आणि माझ्या तोंडाकडं बघत नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना गाडीत मी झोपलो.

त्यांच्या तोंडात एक शब्द कायम असायचा, "कुणाला?" मी म्हणायचो, मी फार वाईट दिसते. त्या म्हणायच्या, कुणाला? उपास सोडला तर बरं दिसणार नाही. कुणाला? आधी राग यायचा. नंतर नंतर एकटा असलो तरी कानात तो प्रश्न यायला लागला. उपासाला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. एकदा फक्त विचारलं, की हे सगळे वार तुम्ही कोणत्या देवासाठी धरता. मला एकाही वाराचा देव पटकन सांगता आला नाही. त्यांनी ते धरून ठेवलं नाही. त्या दिवशी आभाळ कोरडं असतानाही, पाऊस येईल, मी छत्री विसरलेय, असं सांगून त्यांनी मला लवकर घरी पाठवलं.

खालच्या दुकानात मोटारी तपासायला लावल्या की वर बोलणं ऐकू यायचं नाही. मग बाई स्कूटी काढायच्या आणि मला कपिलधारला घेऊन जायच्या. वडिलांचा ड्रायव्हर मागून गाडी घेऊन यायचा आणि लांब थांबायचा. एकदा तिथं आडोशाच्या एका पायरीवर आम्ही बसलो होतो. वर देवळाकडं जाणाऱ्या माणसांचे पाय दिसत होते, धबधब्याचा आवाज होता. बाईंनी बूट काढून बाजूला ठेवले होते. त्या टाचा चोळत होत्या. मग म्हणाल्या,

"तुमचं एक माझ्या ध्यानात आलंय, सांगू? तुम्ही 'मी गेले' असं आता म्हणत नाही. 'मी गेलो' असंही म्हणत नाही. 'माझं जाणं झालं' म्हणता. 'मी दमले' न म्हणता 'मला दमायला झालं' म्हणता. प्रत्येक वाक्याला मधून वाट काढता. याचं किती दमायला होत असेल हो."

मला वाटत होतं, की हे कुणालाच कळलेलं नाही. आईला कळलं नव्हतं, शाळेतल्या मराठीच्या सरांनाही कळलं नव्हतं. मी पायरीवरचं शेवाळ नखानं खरवडत राहिलो.

"इथं कुणी नाही," त्या म्हणाल्या. "जे म्हणायचंय ते म्हणा. एकदा म्हणून बघा. नाही पटलं तर परत घ्या."

मी म्हणालो, "मी दमलो."

त्यांनी मान हलवली, जसं काही मी घड्याळातली वेळ सांगितली. "दमणारच," म्हणाल्या. "फार दिवस झाले ना." मग मी रडलो. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. उठताना मी माझं नाव सांगितलं, जे मी आठवीपासून मनात ठेवलं होतं. खोलीवर आल्यावर त्यांनी फाइल काढली आणि ते ठळक अक्षरांत लिहिलं. स्वतःच्या नावाचं अक्षर दुसऱ्याच्या हातानं उमटताना बघणं काय असतं, ते मला तेव्हा कळलं.

यानंतर मी लगेच जेवायला लागलो, असं झालं नाही. वर्षभर वर-खाली चालू होतं. दोनदा पुन्हा दवाखान्यात राहिलो. पण आता कोण म्हणून जगायचं, हे मला ठाऊक होतं. पहिल्यांदा अख्खी भाकरी खाल्ली त्या दिवशी मी मोठ्या हौसेनं त्यांना सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, "बरं. झोप लागते का?" खाल्ल्याचं कौतुक त्यांनी कधीच केलं नाही. त्या म्हणायच्या, की कौतुक केलं की उद्या तुम्ही माझ्यासाठी खाल. मी मेले तर काय कराल?

वडिलांना मी एकोणिसाव्या वर्षी सांगितलं. बाईंनी घाई करू नका म्हणून समजावलं होतं, पण घरात स्थळांची बोलणी सुरू झाली होती. वडील ओरडले नाहीत. ताटावरून उठले, हात धुतले आणि दुसऱ्या दिवशी चार माणसं घेऊन बीडला बाईंच्या खोलीवर गेले. मी त्यांच्याबरोबर होतो. मला मुद्दामच नेलं होतं. वडील उभेच राहिले.

"माझ्या पोरीच्या डोक्यात हे तुमी भरलंय," ते म्हणाले. "का म्हून केलं असं? आमी तुमच्याकडं जेवायला लावायला पाठवलं होतं."

बाई खुर्चीवरून उठल्या. त्यांचा आवाज कापत होता, हे मला आजही आठवतं. त्या काही धीराच्या नव्हत्या.

"पाटील, तुमचं लेकरू मरत होतं," त्या म्हणाल्या. "आता ते जेवतंय, हसतंय. मी डोक्यात काही घातलं नाही. जे होतं त्याला बसायला जागा दिली. लेकरू म्हणा तुम्ही. पोरगी म्हणू नका, पोरगा म्हणायला जड जात असेल तर तेही नको. लेकरू म्हणायला तर काही अडचण नाही ना?"

वडिलांनी माझ्याकडं बघितलं. तोंड उघडलं होतं, पण त्यांनी काहीच म्हटलं नाही. त्या दिवशी त्यांच्या तोंडून तो शब्द निघाला असता, तर पुढचं बरंचसं वेगळं झालं असतं. ते जिना उतरून गेले. महिन्याभरात घरमालकानं बाईंना खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. एका शाळेत त्या दर आठवड्याला मुलांशी बोलायला जायच्या, तेही बंद झालं. हे कुणामुळं झालं, ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी माफी मागायला गेलो, तर पुस्तकांची खोकी बांधत होत्या. म्हणाल्या, जागा मिळतात हो, तुम्ही तेवढी सुतळी धरा. गावाबाहेर सरकीच्या गोदामामागं त्यांना एक पत्र्याची खोली मिळाली. उन्हाळ्यात तिथं बसवत नसे. येणारी माणसं अर्ध्यावर आली.

तिथं उमापूरची एक मुलगी यायची. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिचा आजार दिसायचा नाही, हाच तिचा घात झाला. मी काडीसारखा होतो म्हणून निदान सलाईन तरी लागली. ती अंगानं भरलेली होती, लहानपणापासून घरात तिला जाडी म्हणूनच हाक मारायचे, दोन स्थळांनी तोंडावर नकार दिला होता. मग ती खाल्लेलं पोटात ठेवीनाशी झाली. वजन उतरायला लागलं तसं घरचे खूश झाले. बाई तिला सांगायच्या, की तुमचं अंग हे तुमचं घर आहे, पाहुण्यांना आवडत नाही म्हणून कुणी घर पाडतं का. ती हसायची. तिचं हसणं फार मोठं होतं, पत्र्याला धडकायचं. बाहेर बसलो असताना आम्ही गप्पा मारायचो. तिला ट्रॅक्टर चालवता यायचा, आणि त्याचा तिला सगळ्यात जास्त अभिमान होता.

मग तिचं लग्न ठरलं आणि ती यायची बंद झाली. बाई तीनदा उमापूरला गेल्या. तिचे वडील फार अदबीनं वागले. खुर्ची दिली, चहा दिला, म्हणाले, ताई, तुमचे लई उपकार हायेत, पोरगी चांगली बारीक झाली, आता काय गरज न्हाई. बाईंनी रक्ताच्या तपासणीचं सांगितलं, काळजाला धोका आहे म्हणून सांगितलं. मुलगी आतल्या दारात उभी होती. बाहेर आली नाही. लग्नाला अकरा दिवस राहिले असताना अंगणात कपडे वाळत घालता घालता ती पडली ती उठलीच नाही.

दहाव्याला बाई मला म्हणाल्या, चला. मी म्हणालो, मला नाही जमणार. त्या म्हणाल्या, मलाही नाही जमणार, म्हणूनच दोघं जाऊ. स्कूटीवर आम्ही उमापूरला गेलो. मला वाटलं होतं, लोक आम्हाला हाकलतील. कुणी काही बोललं नाही. बाई बायकांत जाऊन बसल्या. मी दाराशी उभा राहिलो, कुठं बसावं ते मला कळत नव्हतं. मुलीची आई उठली, तिनं ताट वाढून आणलं आणि बाईंच्या पुढं ठेवलं.

"तिनं चार वर्षं माझ्या हातचं पोटभर खाल्लं न्हाई," ती म्हणाली. "मला वाटायचं, चांगलंच हाय. तुमी खा."

बाई खाली मान घालून जेवल्या. आईनं वाढलं तेवढं सगळं. भाकरी, आमटी, भात, पुन्हा भाकरी. आई वाढत राहिली आणि बाई नको म्हणाल्या नाहीत. त्यांच्या गालावरून पाणी ओघळून ताटात पडत होतं, तरी हात थांबत नव्हता.  शेवटी आईचाच हात थकला आणि ती ताटासमोर बसून राहिली. बाईंनी उष्ट्या हातानंच तिचा हात धरला.

परत येताना गेवराईच्या अलीकडं त्यांनी स्कूटी बाभळीखाली थांबवली आणि मातीतच बसल्या. त्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या धाकट्या बहिणीबद्दल सांगितलं. घरात माणसं जास्त आणि भाकऱ्या कमी, त्यामुळं बहिणीनं उपास धरले तेव्हा कुणी काही विचारलं नाही. एका माणसाचं वाचत होतं. लोक तिला देवमाणूस म्हणायचे, ती गेली तेव्हाही.

"मीही म्हणायचे," बाई म्हणाल्या. "तिची भाकरी मी खायचे ना."

त्यानंतर त्या आधीसारख्या राहिल्या नाहीत. काम सोडलं नाही, पण कुणी एखाद्या दिवशी आलं नाही की त्या फोन घेऊन फेऱ्या मारायच्या. लोकांच्या गावाला जाऊन दारात उभ्या राहायच्या. काहीजण वैतागून यायचे बंद झाले. मी सांगितलं, बाई, असं पाठीमागं लागू नका. त्या म्हणाल्या, की एकदा उमापूरला चहा पिऊन परत आले होते.

मी पुण्याला गेलो. नोकरी, औषधं, शस्त्रक्रिया, कागदपत्रं, प्रत्येक गोष्टीला दोन-दोन वर्षं गेली. मी गेल्यावर वडिलांनी पुन्हा घरात घेतलं नाही. आई शेतात गेली की फोन करते, पण नाव घेत नाही. बाईंशी महिन्यातून एकदा बोलणं व्हायचं. माझा आवाज फुटायला लागला तेव्हा त्या फोनवर म्हणाल्या होत्या, "कोण बोलतंय?" मी घाबरून नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "ओळखलं हो. मला परत एकदा ऐकायचं होतं."

मागच्या वर्षी पौषात बीडच्या त्याच डॉक्टरांचा फोन आला, की बाई सकाळी खोलीतच गेल्या. भावानं गावी नेलंय.

त्यांचं गाव धारूरच्या डोंगरात आहे. मी पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. निम्म्याहून जास्त घरांना कुलपं होती. गाव ऊसतोडीला कारखान्यांवर गेलेलं. मागं राहिलेली म्हातारी माणसं, लेकरं आणि बाया. बाईंचे आईवडीलही जन्मभर कोयताच चालवत होते, आणि बाईसुद्धा दहा वर्षांच्या होईपर्यंत दर हंगामाला फडावर जायच्या, हे मला तिथं ओट्यावर बसलेल्या एका आजोबांनी सांगितलं. त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

बाईंना तिरडीवर ठेवलेलं होतं. पायात बूट नव्हते. मी लांबून हात जोडले आणि बायका रडत होत्या त्यांच्यामागं भिंतीला टेकून उभा राहिलो. बाईंचा भाऊ माझ्याजवळ आला. सत्तरीचा, पाठीत वाकलेला. कोण म्हणायचं, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, बाईंकडं यायचो मी, बीडला. त्यानं मान हलवली. त्याला तेवढं पुरलं.

मग त्यानं अंगणात नजर फिरवली. तिरडीपाशी तो, त्याचा जावई आणि एक म्हातारा एवढेच होते.

"चौथा माणूस न्हाई," तो मला म्हणाला. "भाऊ, तुमी खांदा देता का?"

आमच्याकडं बायकांना खांदा देऊ देत नाहीत. माझ्या चुलत्याला नेलं तेव्हा मला घराच्या उंबऱ्यातून बाहेर येऊ दिलं नव्हतं. आता ह्या माणसानं माझ्याकडं सरळ बघून विचारलं होतं आणि त्याच्या मनात दुसरं काहीच नव्हतं. मी पुढं झालो. मागचा उजवा बांबू माझ्याकडं आला.

वाट चढाची होती. म्हातारा दोनदा दमला, तेव्हा थोड्या अंतरापुरते ओट्यावरचे आजोबा त्याच्या जागी आले. दम खाऊन आलेल्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, बदलू का. मी नको म्हणालो. चालताना एकच गोष्ट मनात येत होती. मला लहानपणापासून ओळखणारी माणसं मला दुसरंच कुणीतरी समजतात, आणि आज जी मला ओळखतात त्यांना माझं लहानपण माहीत नाही. दोन्ही माहीत असलेलं एकच माणूस होतं आणि ते माझ्या खांद्यावर होतं.

सगळं झाल्यावर पुरुष माणसं हातपंपावर सदरे काढून अंघोळ करायला लागली. मी हातपाय धुतले, भावाच्या पाया पडलो आणि निघालो.

पुण्यात आल्यावर आरशात बघितलं. उजव्या खांद्यावर बांबूचा लाल वळ उठला होता. दुसऱ्या दिवशी तो काळानिळा झाला. कामावर सदऱ्याचं कापड घासलं की ठणकायचा, आणि मला बरं वाटायचं. आठवड्याभरात तो पिवळा पडला आणि एका सकाळी बघितलं तर कातडी साफ होती. मी बोटानं दाबून बघितलं, कुठंच दुखत नव्हतं. त्या दिवशी मी कामावर गेलो नाही.